आग्नेयेला मोकळं आकाश हवं

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर जाऊन होकायंत्र १३१ अंशांवर आणलं, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला तोंड केलं आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर पाहिलं, की नजर जीसॅट-१५ या उपग्रहाच्या दिशेने जाते. डोळ्यांना अर्थातच काही दिसत नाही. तो विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर आहे. इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातल्या कूरूहून एरियन-५ रॉकेटने गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर बसला. दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ सेवा त्याच्यावरून येते. डिसेंबर २००४मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. छत्री, एलएनबी आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च केला की झालं.

बहुतेक घरांत छत्रीची वायर बॉक्समध्ये जाते आणि बॉक्समधून टीव्हीत. पण बॉक्सच्या जागी कॉम्प्युटर ठेवता येतो. कॉम्प्युटरला एक छोटा ट्यूनर जोडायचा, छत्रीची वायर त्यात खुपसायची, आणि तोच कॉम्प्युटर घरातल्या वायफायवरून स्वयंपाकघरातल्या फोनवर, आजोबांच्या टॅबवर आणि हॉलमधल्या टीव्हीवर वाहिन्या पोचवतो. इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, घरातलं नेट बंद पडलं तरी राउटर चालू असला की कार्यक्रम चालू राहतो. कॉम्प्युटरचं थोडं वेड असलेल्या माणसाला एक रविवार पुरतो.

मात्र या कामातला अवघड भाग कॉम्प्युटरचा नव्हे, आकाशाचा आहे. वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यात आग्नेयेकडचं मोकळं आकाश दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललं आहे. लोखंडवालात समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट कितीही महाग असो, त्याच्या पश्चिमेच्या खिडकीत लावलेली छत्री कुचकामी. बोरिवलीत उत्तरेकडची गॅलरी असली तरी तीच गत. खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर ग्रिलला बाहेरून छत्री बसवून पाहता येते, पण समोर टॉवर नको. यासाठी एक साधा हिशेब पुरतो: समोरची इमारत जितकी लांब, त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त ती छत्रीच्या वर असेल तर सिग्नल अडतो. वीस मीटर अंतरावरचा टॉवर छत्रीच्या पातळीपेक्षा तीसेक मीटर, म्हणजे साधारण दहा मजले, उंच झाला की खेळ संपला. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये चार मजली जुन्या सोसायट्या पाडून तिथे बावीस मजले उभे राहत असताना हे कधीही होऊ शकतं.

समोरचा टॉवर आड येतो की नाही हे होकायंत्राशिवाय तपासायची एक युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागून जातो. मुंबईतून पाहिलं तर मार्चच्या १२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि १ ऑक्टोबरच्या मागेपुढे अकराला थोडा अवकाश असताना. त्या वेळी छत्रीच्या ठरवलेल्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी; सावली असेल तर पैसे खर्च करू नयेत. ज्यांची छत्री आधीच लागलेली असते त्यांचं चित्र त्याच काही मिनिटांत बिघडतं, कारण सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. दुरुस्तीसाठी माणूस बोलवू नये, चहा घ्यावा. तेवढ्यात चित्र परत येतं.

समोरच्या इमारतीच्या ग्रिलकडे पाहून दिशा ठरवणं मात्र फसवं. सगळ्या डीटीएच कंपन्यांचा उपग्रह एकच नसतो. टाटा प्लेची छत्री ८३ अंश पूर्वेकडे पाहते, म्हणजे मुंबईतून बरीच दक्षिणेकडे आणि जास्त उंच, एअरटेलची १०८.२ अंशांकडे, म्हणजे पूर्वेला आणि खाली, क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर. त्यामुळे एकाच ग्रिलवरच्या दोन छत्र्यांची तोंडं दोन दिशांना असतात. शिवाय या छोट्या छत्र्या ‘ऑफसेट’ घडणीच्या असतात, त्या दिसतात त्यापेक्षा बरंच वर पाहतात. जवळजवळ उभी वाटणारी छत्रीसुद्धा आकाशाच्या मधल्या भागाकडे रोखलेली असू शकते.

राहिला प्रश्न गच्चीचा. गच्ची सोसायटीची, कुणा एका सभासदाची नाही. सेक्रेटरीला अर्ज द्यावा लागतो आणि त्यात नेहमीची शंका एकच असते: वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का? नुकत्याच केलेल्या वॉटरप्रूफिंगवर लाखो रुपये गेलेले असतात, तेव्हा ही शंका रास्तच म्हणायची. स्लॅबला ड्रिल न करता सिमेंटच्या ब्लॉकवर ठेवलेला स्टँड किंवा पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बाजूने पकडलेला क्लॅम्प हा सुटसुटीत मार्ग. वायर डक्टमधून खाली आणली तर कुणाच्या खिडकीसमोर लोंबकळत नाही, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयही निघत नाही.

गच्चीवरच्या छत्र्यांशी उपनगरांचं नातं जुनं आहे. १९८०च्या दशकात इमारतीतला एखादा हुशार मुलगा व्हिडिओ कॅसेट लावून वायरने सगळ्या घरांत सिनेमा दाखवायचा. जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध सुरू झालं, बड्या हॉटेलांतून सीएनएनवर ते थेट दिसलं, आणि त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाल्यावर या मुलांनी गच्चीवर आठ-दहा फुटी जाळीच्या डिश चढवल्या. खाली एका खोलीत ‘कंट्रोल रूम’ थाटली, की तो झाला केबलवाला. २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही स्टारच्याच उपग्रहावरून आला. तो उपग्रह, एशियासॅट-१, चक्क सेकंड हँड होता. १९८४मध्ये ‘वेस्टार-६’ या नावाने तो अमेरिकी शटलमधून सोडला होता, पण चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या शटलमधल्या अंतराळवीरांनी त्याला हाताने पकडून पृथ्वीवर परत आणलं, डागडुजी झाली, विक्री झाली, आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी रॉकेटने तो पुन्हा वर गेला. मुंबईकरांच्या केबलवर परदेशी मालिका अशा दुरुस्त करून विकलेल्या यंत्रावरून आल्या.

आता पुन्हा ट्यूनरकडे. छत्रीच्या तोंडाशी असलेली एलएनबी आकाशातून आलेली फार उंच वारंवारता खाली उतरवते, नाहीतर ती वायरमधून येताना विरून जाईल. फ्री डिशच्या अनेक ट्रान्सपॉन्डरपैकी, म्हणजे उपग्रहावरच्या प्रक्षेपकांपैकी, एक ११०९० मेगाहर्ट्झवर आहे. नेहमीच्या युनिव्हर्सल एलएनबीत ९७५० वजा होतात आणि वायरीत १३४० मेगाहर्ट्झ उतरतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘११०९०, व्हर्टिकल, २९५००’ असं भरायचं असतं. शेवटचा आकडा सिम्बॉल रेटचा. व्हर्टिकल निवडलं की ट्यूनर वायरीतूनच एलएनबीला १३ व्होल्ट देतो, हॉरिझॉन्टलला १८. यूएसबी पोर्टमधून एवढी वीज निघत नाही, म्हणून यूएसबी ट्यूनरला बहुधा स्वतःचा अॅडॅप्टर लागतो. तो लावायला विसरलं की सॉफ्टवेअर सगळं ठीक असल्याचं सांगतं आणि एकही वाहिनी सापडत नाही.

ट्यूनर निवडताना त्यावर ‘डीव्हीबी-एस२’ लिहिलेलं आहे ना, ते पाहावं. वीसेक वर्षांपूर्वी स्कायस्टार-२ हे पीसीआय कार्ड हौशी मंडळींत लोकप्रिय होतं. एखाद्याच्या माळ्यावर ते अजूनही असेल. ते जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीचंच आहे, त्यामुळे फ्री डिशच्या एमपेग-२ वाहिन्या घेतं, नव्या पद्धतीने येणाऱ्या घेत नाही. आज शेनझेनच्या टीबीएस कंपनीची यूएसबी आणि पीसीआय कार्डं जास्त दिसतात. लिनक्सवर त्यांचा ड्रायव्हर अनेकदा वेगळा बसवावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा बसवावा लागतो. हे काम घरच्यांची मॅच चालू असताना काढू नये.

सॉफ्टवेअर बरंच आहे, पण घरभर वाहिन्या पोचवायच्या तर टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्राम सोयीचा. जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय त्याला पुरतो. ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता आणि पुढे ९९८१ हा पोर्ट टाकला की त्याचं पान उघडतं. आधी ट्यूनर निवडायचा, मग नेटवर्क, मग ट्रान्सपॉन्डर, ज्याला इथे ‘मक्स’ म्हणतात, आणि मग स्कॅन. स्कॅन चालू असताना सिग्नलचे आकडे त्याच पानावर हलत राहतात. पूर्वी गच्चीवरचा माणूस ओरडायचा, ‘आला का?’ आणि खालून तिसऱ्या मजल्यावरून उत्तर यायचं, ‘गेला, गेला, मागे घे!’ आता तेच पान मोबाइलवर उघडून गच्चीवर एकट्याने छत्री फिरवता येते, वायफाय वरपर्यंत पोचत असेल तर. छत्री सूतभर हलवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, आकडा पाहायचा. आकडा वाढायचा थांबला की एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू गोल फिरवून पुन्हा पाहायचं. घाई केली तर नेमकी जागा निसटून जाते.

एक गोष्ट बॉक्सला जमत नाही ती इथे सहज होते. एका ट्रान्सपॉन्डरवर डझनाहून अधिक वाहिन्या एकाच प्रवाहात येतात, सेकंदाला चाळीसेक मेगाबिट. बॉक्स त्यातली एक उचलतो आणि बाकीच्या टाकून देतो. टीव्हीहेडएंड हवी ती प्रत्येक वाहिनी वेगळी काढून देतो. एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या दोन वाहिन्या दोघांना दोन खोल्यांत एकाच वेळी पाहता येतात, तिसरी रेकॉर्डही होते. वाहिन्या वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरवर असतील तर मात्र दुसरा ट्यूनर लागतो. सह्याद्रीवरचा तासाभराचा कार्यक्रम रेकॉर्ड केला तर साधारण एक जीबी जागा जाते. पाहण्यासाठी फोनवर व्हीएलसी किंवा टीव्हीवर कोडी घ्यावं. क्रोमसारख्या ब्राउझरात थेट उघडलं तर एमपेग-२चं चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो किंवा काहीच नाही. सेटिंग बिघडलं अशी समजूत करून घेणारे पुष्कळ इथेच अडकतात.

आणि पाऊस. फ्री डिश ज्या केयू बँडवर येते त्याच्या लहरींची लांबी साधारण २.७ सेंटीमीटर, पावसाचे थेंब त्यांची ऊर्जा खातात. जुन्या केबलवाल्यांच्या सी बँडची लांबी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे त्या मोठ्या डिश पावसाला फारशा दबत नसत. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसला दिवस कुठलीच छोटी छत्री तारून नेणार नाही, पण नेहमीच्या जुलैच्या सरींत साठ सेंटीमीटरऐवजी नव्वद सेंटीमीटरची छत्री स्पष्ट फरक पाडते. क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. मात्र वारा धरायलाही तेवढीच जागा मिळते, त्यामुळे बोल्ट घट्ट हवेत आणि गंजणारे नकोत, खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत सुटतं. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरून. एलएनबीखाली वायरीला एक झोका दिला की पाणी तिथेच टपकून जातं, कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळली की काम भागतं. मेमध्ये केलेलं हे पाच मिनिटांचं काम जूनमध्ये ओल्या गच्चीवरची फेरी वाचवतं.

इतकं करून काय मिळतं? सह्याद्री, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि लिलावात जागा घेऊन फ्री डिशवर आलेल्या काही खासगी वाहिन्या. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या यात नाहीत. त्या डीटीएचवर सांकेतिक स्वरूपात येतात; ट्यूनरला त्यांचं नाव दिसतं, चित्र दिसत नाही. कुणी ‘कार्ड शेअरिंग’चा तोडगा सुचवला तर तो चोरीचा मार्ग आहे हे समजून सोडून द्यावा. दूरदर्शनचं थेट प्रसारण आता प्रसारभारतीच्या ‘वेव्हज’ अॅपवरही आहे. २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. पण इंटरनेटवरून येणारं चित्र साधारणतः काही सेकंद मागे असतं. क्रिकेटमध्ये ते जाणवतं: शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी येतो, चौकार नंतर. २००७च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी वाहिन्यांना प्रसारभारतीला द्यावं लागतं, आणि ऑगस्ट २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने ते दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतं मर्यादित केलं, खासगी केबल आणि डीटीएचला नाही. कॉम्प्युटरला जोडलेली छत्री फ्री डिशचीच असल्यामुळे ती या हद्दीच्या आत येते.

घरातल्या कॉम्प्युटरवरून घरातल्या फोनांवर पाहिलं तर कुणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या बिऱ्हाडाला वायर टाकून महिन्याला शंभर रुपये घेतले, तर तो केबलचा धंदा झाला. त्याला १९९५चा केबल टीव्ही नेटवर्क कायदा लागू होतो आणि नोंदणी घ्यावी लागते. ही नोंदणी अनेक वर्षं पोस्टात व्हायची.