वेरूळच्या नावाचे गाव

शनिवार शब्बाथचा, म्हणून टोरांटोतील आपल्या मंडळींना सहलीसाठी उरतो तो रविवारच. मागील शरद ऋतूत अशाच एका रविवारी, सणाचा उरलेला चिकाचा हलवा आणि पोळीभाजीचा डबा बरोबर घेऊन, आम्ही आजी व मुलांसह मोटारीने निघालो. ऑन्टॅरिओतील दोनतीन जुनी गावे पाहून रात्री घरी परतावे, एवढाच बेत होता.

शंभराहून अधिक किलोमीटर अंतर कापल्यावर सेंट जेकब्सचा परिसर लागला. रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या प्रार्थनेहून परतत होत्या. हे मेनोनाइट पंथाचे लोक. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेन्सिल्व्हेनियातून येथे आले. एका शेताच्या फाटकावर अंडी व मेपलचा पाक यांची पाटी होती आणि तिच्याखाली लिहिले होते, ‘रविवारी विक्री नाही’. नातवाने तिचा अर्थ सांगताच आजी हसून म्हणाली, “अरे, मग हे आपल्यासारखेच! आपण शनवार तेली, हे रविवारचे.”

मुलांना हा शब्द ठाऊक नव्हता. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी मात्र घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, हे आजीने त्यांना समजावून सांगितले. त्यानंतर आम्हांस जे आठवले, ते मनाला थोडे बोचले. जुन्या वळणाचे मेनोनाइट दोनशे वर्षांनंतरही घरात आपली जर्मन बोली बोलतात. मुले इंग्रजी शिकतात ती शाळेत. आमच्या घरात मात्र दुसऱ्याच पिढीत आजीच्या मराठी प्रश्नाला उत्तर इंग्रजीत मिळते. मोटार नको, उच्च शिक्षण नको, ही त्यांनी मोजलेली किंमत आपण मोजणार नाही आणि मोजावी असेही आम्ही म्हणत नाही. परंतु काहीच न मोजता भाषा टिकेल, हा आमचा समज त्या पाटीपाशी डळमळला.

पुढे वेस्ट माँट्रोझचा छप्पर असलेला लाकडी पूल लागला. 1881 साली बांधलेला हा पूल ऑन्टॅरिओत आपल्या जातीचा शेवटचाच उरला आहे. तो पाहून आम्ही एलोरास पोहोचलो. ग्रँड नदीने येथे चुनखडकात सुमारे 22 मीटर खोल दरी कोरली आहे. काठावर जुनी दगडी गिरणी उभी आहे आणि प्रवाहाच्या मधोमध ‘काळाचा दात’ या अर्थाच्या नावाचा एक सुळका आहे.

परंतु खरे नवल गावाच्या नावात आहे. 1832 साली विल्यम गिल्किसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने हे गाव वसविले. त्याच्या भावाच्या जहाजाचे नाव ‘एलोरा’ होते आणि त्या जहाजास ते मिळाले होते आपल्या वेरूळच्या लेण्यांवरून! छत्रपती संभाजीनगराजवळच्या, अखंड खडकातून कोरलेल्या कैलास लेण्याचे गाव प्रथम जहाजावर चढले आणि मग कॅनडाच्या एका नदीकाठी उतरले. 1784 साली ब्रिटिशांनी या नदीचे दोन्ही तीर सहा आदिवासी राष्ट्रांना दिले होते. पुढे जमिनी विकल्या गेल्या आणि गावांना नावे मिळाली ती नवागतांची. जवळचे फर्गसही तसेच. अॅडम फर्गसन याच्या नावाचे हे गाव 1833 साली वसले. तेथील दगडी घरे पाहताना स्कॉटलंडची आठवण व्हावी.

आजी दरीच्या कठड्याशी बराच वेळ उभी होती. वेरूळ तिने लग्नानंतर एकदा पाहिले होते. “नाव आले, पण कुठून आले हे सांगायला कोणी आले नाही वाटते,” एवढेच ती बोलली.

परतताना धाकट्याने विचारले, “मग आपल्या आडनावातले गाव कसे आहे?” मोटारीत क्षणभर कोणी बोलेना. ते गाव आजीवाचून आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. मग आजी बोलू लागली: नारळाच्या वाड्या, घाण्याचा बैल, मशिदीतील दिवे. मुले मधूनमधून शब्दांचे अर्थ विचारीत होती आणि टोरांटोचे दिवे दिसेपर्यंत ती सांगत होती.

वाचकहो, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, केहिमकर अशी आपली आडनावे म्हणजे एकेक गावच आहे. एलोराच्या रहिवाशांना आपल्या गावाच्या नावाचे मूळ पुस्तकातून शोधावे लागते. आपल्या घरी ते सांगणारी माणसे अजून आहेत. तेव्हा पुढच्या रविवारी एलोरास अवश्य जावे. मात्र जाताना वडीलधाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे, मुलांना मागे बसवावे आणि वाटभर मराठीतच बोलावे.