घाईचा रक्तदाब

दोन महिन्यांपूर्वी साठीच्या घरातले एक गृहस्थ धापा टाकीतच दवाखान्यात आले. "साडेअकराची एस.टी. गाठायचीय डॉक्टर, तेवढं प्रेशर बघा!" बाहेर रांग होती, मीही घाईतच होतो. लगेच दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा आला १६८/९६. आधीच्या खेपेलाही ते असेच आले होते व आकडाही साधारण तेवढाच होता. मी गोळी वाढवून दिली.

आठ दिवसांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. पहाटे अंथरुणातून उठताच भोवळ येऊन ते मोरीच्या दारात पडले होते. हाड मोडले नाही हे नशीब. उभे करून रक्तदाब पाहिला तर १००/६४! पुन्हा जुन्या मात्रेवर आणले, आणि पुढच्या खेपेस शांत बसवून मोजले: १३४/८२. म्हणजे मी औषध दिले ते त्यांच्या घाईला. चूक माझी होती.

घाई झाली की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात व दाब चढतो. थोडे शांत बसले की तो उतरतो. म्हणूनच मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे असा नियम आहे. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा, आणि मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजावे. हे सारे पुस्तकात आम्ही शिकलेले असतो. पण पाच मिनिटे कोणाकडे आहेत? ना रोग्याकडे, ना डॉक्टरकडे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन व रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ साली, सतत घड्याळामागे धावणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असे मांडले. ते फार गाजले. पुढच्या संशोधनात मात्र तो संबंध तितका ठामपणे टिकला नाही. घाईपेक्षा मनातला राग व वैरभाव अधिक बाधतो, असे दिसले. तेव्हा स्वभाव धांदरट आहे म्हणून झटका येईलच, अशी धास्ती घेऊ नये. घाईचे खरे नुकसान साधे असते. पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे वीस मिनिटे लागतात, आणि आपण सात मिनिटांत ताट पुसून उठतो! सकाळची गोळी "नंतर घेऊ" म्हणून राहते. झोपेतला तास कापला जातो.

एक मात्र बजावतो. हे वाचून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. शांत बसूनही दाब वारंवार जास्त येत असेल, तर तो खराच आहे.

आता माझ्या दवाखान्यात दाराशी एक पाठीची खुर्ची ठेवली आहे. ते गृहस्थ हल्ली आधीच्या एस.टी.ने येतात व तिच्यात जाऊन बसतात. परवा रांग नव्हती म्हणून मी लगेच आत बोलावले, तर म्हणाले, "थांबा डॉक्टर, अजून दोन मिनिटं व्हायचीत."