कुंपणालगतचा टाकळा राहू द्या
पावसाळा लागला की पेण-रोह्याच्या बाजारात कातकरी, ठाकूर बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन बसतात. पालकांनो, भाजीला जाताना मुलांना सोबत न्या. शेवळं खाजू नयेत म्हणून त्यात काकडं का घालायची, हे त्या मावश्यांनाच विचारू द्या. आमच्या पुस्तकात एवढं कुठलं! अनोळखी पान मात्र तोंडात घालायचं नाही, हे आधी बजावा.

मग घरामागचा टाकळा दाखवा. कोवळी पानं भाजीला खुडा, पण कुंपणालगतची चार रोपं उपटू नका. छोटी पिवळी फुलपाखरं त्यावरच अंडी घालतात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली तर औषध मारू नका, तिचंही फुलपाखरूच होतं. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबूवर्गातल्या झाडांची पानं खाऊनच वाढतं.