काचेतली पाणथळ

मत्स्यपेटी आता घरोघर दिसते. तिच्याही पुढची हौस म्हणजे एकाच काचपेटीत अर्धे पाणी, अर्धी जमीन, वर नेचे नि शेवाळ! इंग्रजीत तिला पॅलुडॅरियम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दलदल. मी मराठीचा मास्तर. आपला ‘पाणथळ’ हा गोड शब्द असताना दलदलीत कशाला उतरू? मी तिला पाणथळपेटीच म्हणतो.

रानातून आणलेली वस्तू निरुपद्रवीच, असे आपण धरून चालतो. पण ओढ्यात दगडालाकडातून सुटलेले सारे वाहून जाते. पेटीतले चार बादल्या पाणी जाणार कुठे? त्यात विरघळेल ते माशांच्या कल्ल्यांशी येणार. बेडूक तर कातडीनेच पाणी शोषतो.

दगडाचेच पाहा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण मोठा सज्जन. पाण्यात सहसा काही सोडत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, त्यांतले काही कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्याच कुळातले. संगमरवर आणि शंखशिंपले त्यांचे भाऊबंद. पाणी त्यांनी जड होते. गप्पीला ते मानवते, मऊ पाण्यातल्या माशांना नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने घाटातून हौसेने दगड आणला. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, तो पांढरे डोळे फसफसू लागले! पोराचा चेहरा उतरला. व्हिनेगर सौम्य असते, तेव्हा बुडबुडे भिंगातून पाहावेत.

लाकूड कठीण, पुरते वाळलेले, बिनचिकाचे हवे. साल काढून ते उकळावे. पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस झाले तर घाबरू नये. तो टॅनिनचा रंग. नारळाच्या भुशात मीठ असते, म्हणून ती अनेक पाण्यांतून धुवावी.

चिकटवण्याच्या सिलिकोनला मात्र फार जपावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या नळीत पुष्कळदा बुरशीनाशक असते. ते जलचरांना घातक. मत्स्यपेटीसाठीचेच घ्यावे. त्यातही सुकताना व्हिनेगरचा दर्प येणारा प्रकार असतो. तो दर्प पुरता जाईपर्यंत पाणी भरू नये.

आणि तांबे! तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण आरोग्यासाठी पितो. पण कोळंबी नि गोगलगाय तांब्याच्या अल्पशा अंशानेही दगावतात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. नेचे लाकडाला बांधायला मासेमारीचा नायलॉनचा दोरा उत्तम. तो दिसतही नाही.