पुडीतला पारा आणि किडनीचा पहारा

आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी गुडघेदुखीसाठी सहा महिने लाल पुड्या घेतल्या. सुरुवातीला काहीच त्रास नाही, म्हणून विश्वास बसला. मग चेहरा सुजला, पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. मी पुड्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "अगं सिस्टर, जडीबुटीच ती!" तपासणीत लघवीत पारा जास्त निघाला.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. रससिंदूर, मकरध्वज, काळी कज्जली हीही त्याच जातीची. ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. गिळलेल्यातला बहुतेक पारा शौचावाटे जातो, फार थोडा रक्तात शिरतो. देणारे एवढंच सांगतात, आणि तेवढं खरंही आहे. पण रोजच्या थोड्याची बेरीज होते. रसकर्पूर तर याहून जास्त शोषलं जातं.

रक्तातला हा पारा मुख्यतः किडनीत येऊन बसतो. तिथे मेटॅलोथायोनीन नावाचं छोटंसं प्रथिन पहाऱ्यावर असतं. 1957 साली ते घोड्याच्या किडनीत सापडलं. त्याच्या साखळीत 20 ठिकाणी गंधक असतं, त्याला एरवी जस्त धरून बसलेलं असतं. पाऱ्याची गंधकाशी गट्टी जस्ताहून घट्ट. पारा आला की जस्ताला ढकलून तो जागा घेतो, आणि सुटलेलं जस्तच पेशीला निरोप पोचवतं की असं प्रथिन आणखी बनवा. पेशी बनवते. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं.

पण बांधलेला पारा म्हणजे बाहेर गेलेला पारा नव्हे. शरीरातला निम्मा निघायलाच साधारण दोन महिने लागतात, आणि आपण तर रोज नवी पुडी घालतो. प्रथिन अपुरं पडलं की मोकळा पारा किडनीच्या नळ्यांना इजा करतो. काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरून किडनीच्या गाळणीवर उलटते. तिथे हा पहारा कामाला येत नाही. लघवीतून प्रथिन वाहून जातं, तोच तो फेस.

पारद किंवा हिंगूळ असलेल्या औषधाच्या लेबलवर, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना कायद्याने छापावी लागते. कागदात बांधलेल्या पुडीला लेबलच नसतं. गरोदर बाई आणि लेकरांना अशी पुडी अजिबात देऊ नका. कुणी घेत असेल तर लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. जाताना उरलेली पुडी सोबत न्या, लाजू नका. मावशींनी ती पदरात लपवून ठेवली होती, त्यात आमचे दोन आठवडे गेले.