दोन टक्क्यांचा हिशेब

औषधाचं नाव नेक्साव्हार, त्यातला घटक सोराफेनिब. मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या बळावलेल्या कर्करोगात रोज २०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, म्हणजे महिन्याला १२० गोळ्यांचा एक पॅक. या पॅकला बायर कंपनी भारतात २,८०,४२८ रुपये घेत होती. एक गोळी २,३३७ रुपयांची. हैदराबादच्या नॅटकोने तोच पॅक ८,८०० रुपयांत द्यायची तयारी दाखवली. गोळी पडली ७३ रुपयांना. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत आदेश काढून नॅटकोला अनिवार्य परवाना दिला. पेटंट बायरचंच राहिलं, पण औषध बनवायची मुभा नॅटकोला मिळाली.

९७ टक्के स्वस्त, हीच बातमी झाली आणि लोकांच्या लक्षातही तेवढंच राहिलं. माझ्या मते मात्र या खटल्यातला सर्वांत वजनदार आकडा किमतीचा नाही.

पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये तीन कसोट्या आहेत. लोकांची वाजवी गरज भागते का? किंमत परवडणारी आहे का? शोधाचा भारतात प्रत्यक्ष वापर होतो का? पेटंट दिल्यापासून तीन वर्षं झाल्यावर यांपैकी एकीतही पेटंटधारक नापास ठरला, तरी परवाना मागता येतो. किमतीवर वाद घालायला भरपूर जागा असते. संशोधनाचा खर्च मोठा असतो, एका यशस्वी रेणूमागे अनेक फसलेले असतात, हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. तिसऱ्या कसोटीतही फट आहे. भारतात कारखाना काढलाच पाहिजे असं दर वेळी म्हणता येणार नाही, काही प्रसंगी आयातही वापरात धरता येईल, असं मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ च्या निकालात सांगितलं. परवाना मात्र त्याच निकालाने कायम ठेवला.

उरली पहिली कसोटी, आणि तिथे कंपनीचीच आकडेवारी कंपनीला नडली. पेटंट मिळालं मार्च २००८ मध्ये. त्या वर्षीची आयात शून्य. पुढच्या वर्षांत माल आला, पण अगदी थोडा. पात्र रुग्णांपैकी दोन टक्क्यांहून किंचित अधिक लोकांपर्यंतच औषध पोहोचलं, असा निष्कर्ष नियंत्रकांनी काढला. ज्यांना गरज होती त्या शंभरांतले जवळपास अठ्ठ्याण्णव जण बायरच्या औषधाविना राहिले. यावर ‘परवडणारी म्हणजे कोणाला’ असा युक्तिवाद चालत नाही.

बायरने एक पळवाट शोधून पाहिली. सिप्ला ही दुसरी औषधकंपनी हेच औषध सुमारे ३० हजारांना विकत होती, तेव्हा गरज भागतेच आहे, असं बायरचं म्हणणं. गंमत अशी, की पेटंट मोडलं म्हणून सिप्लावर दिल्लीत दावा लावणारीही बायरच. एका कोर्टात ज्याचा माल बंद करा म्हणायचं, त्याच्याच विक्रीचं श्रेय दुसरीकडे आपल्या खात्यावर मागायचं! ते मिळालं नाही.

नॅटकोलाही परवाना फुकट नव्हता. विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी, म्हणजे पॅकमागे ५२८ रुपये. अपिलात ती ७ टक्के, म्हणजे ६१६ रुपये झाली. शिवाय दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना मोफत औषध द्यायचं, आणि विक्री फक्त भारतात.

आता कौतुक जरा आवरतं घेऊ. महिना ८,८०० म्हणजे वर्षाला १,०५,६०० रुपये. २०११-१२ मध्ये देशाचं दरडोई उत्पन्न होतं सुमारे ६३ हजार. बायरच्या दराने एका महिन्याच्या पॅकला चार वर्षांची सरासरी कमाई लागायची. नॅटकोच्या दरानेही वर्षाची कमाई पुरत नव्हती. त्यात २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. परवान्याने किंमत उतरते. उरलेलं बिल कोण भरणार, याचं उत्तर पेटंट कायद्यात नाही.

या आदेशानंतर परवान्यांचा पूर येईल, अशी ओरड झाली होती. अमेरिकेच्या व्यापार खात्याने नाराजीही नोंदवली. प्रत्यक्षात डॅसॅटिनिब या औषधासाठी बीडीआर कंपनीचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला, सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा २०१६ मध्ये. कलम ८४ खालचा पहिला परवाना आजवर एकटाच आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात ही मुभा आहे आणि २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ती पुन्हा स्पष्ट केली आहे. भारताने ती जवळपास वापरलेलीच नाही.

आणि आता ती वापरायला लागणारी माहितीच आटत चालली आहे. पेटंटचा भारतात किती वापर झाला, हे पेटंटधारकाने फॉर्म २७ मध्ये सरकारला कळवायचं असतं. पूर्वी तो दरवर्षी भरावा लागे आणि त्यात किती माल बनवला, किती आयात केला, हे लिहावं लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये नगसंख्येचा रकाना गेला, ढोबळ उत्पन्न सांगितलं की पुरे. १५ मार्च २०२४ च्या नियमांनी उत्पन्नाचा रकानाही काढला आणि फॉर्म तीन वर्षांतून एकदा भरायचा केला. माहिती न दिल्याबद्दलचा दंड आधी १० लाखांपर्यंत होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो १ लाखावर आणला, वर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १,००० रुपये.

२०२४ च्या नियमांआधी पाचच दिवस स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन यांच्याशी व्यापार करार झाला होता. नियमांचा मसुदा ऑगस्ट २०२३ पासून समोर होता, त्यामुळे करारापोटीच नियम सैल झाले, असं नुसत्या तारखांवरून सिद्ध होत नाही. पण २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या कराराची भाषा स्वच्छ आहे: औषधं लोकांपर्यंत पोहोचवण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे स्वेच्छेने दिलेले परवाने. फॉर्मची तीन वर्षांची मुदतही तिथे शब्दबद्ध झाली. अनिवार्य परवान्याचा हक्क शाबूत आहे, असं सरकार सांगतं. कागदावर तो आहेच.

कलम १४६ खाली नियंत्रक केव्हाही माहिती मागवू शकतात, हेही खरं. पण औषध रुग्णांपर्यंत पोहोचत नाही हा संशय आधी कोणाला तरी यायला हवा, आणि तो यायला आकडे उघड असावे लागतात. इतर पेटंटांचं काय करायचं ते करा. औषधांसाठी मात्र वेगळा फॉर्म २७ हवा. त्यात दरवर्षी तीन गोष्टी लिहायला लावा: पॅक किती विकले, कोणत्या किमतीला, अंदाजे किती रुग्णांना. कंपन्यांच्या विक्री विभागाकडे हे आकडे रोजच्या रोज तयार असतात.