पाण्यात तोंड घालून

पाठीला डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर मी पोहायला शिकलो. ते पाणी गढूळ. बुडी मारली की स्वतःचा हातही दिसायचा नाही. म्हणून मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी मास्क लावून पाण्यात तोंड घातलं आणि थेट तळ दिसला, तेव्हा क्षणभर श्वास घ्यायचाच राहिला. प्रवाळांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे चरत होते. एक माझ्या बोटापर्यंत आला, थबकला, वळला.

पाण्यात उघड्या डोळ्यांना धूसर दिसतं, कारण डोळ्यांची रचना हवेत बघण्यासाठी आहे. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राखतो. मासा मात्र आहे त्याहून जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठा वाटतो. श्वास घ्यायची नळी आखूडच हवी. मीटरभर खोलीवरही छातीवर इतका दाब येतो की वरची हवा ओढवत नाही.

जायचं ते थंडीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरतो, समुद्र खवळतो. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तरी दमलेली माणसं प्रवाळावर पाय टेकतात आणि माझ्या पोटात कालवतं. तो दगड नव्हे, जिवंत वस्ती आहे. वर्षाला फार तर काही सेंटिमीटर वाढणारी. दमलात तर पाठीवर तरंगा.

नंतर किल्ल्यात गेलो. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. ओठांवर अजून मीठ होतं. दूधबावेच्या काठावर मी बराच वेळ वाकून बघत राहिलो.